नाव मसाल्याचे, काम हाडाचे

चंद्रपूर-गडचिरोलीकडे मटणाच्या पंगतीतून उठलेला पाहुणा हात धुता धुता हमखास विचारतो, "मसाला कोणता होता हो?" बोकडाचा कोणता भाग होता, हे कुणी विचारत नाही. घरधनीण मसाला सांगते, पाहुणा तो लिहून नेतो, घरी जाऊन करून बघतो आणि म्हणतो, तशी चव काही येत नाही. येणार कशी? त्याने खाटकाकडून निवडून निवडून बिनहाडाचे तुकडे आणलेले असतात आणि कुकरच्या चार शिट्ट्यांत काम उरकलेले असते. मसाला वास देतो, रंग देतो, तिखटपणा देतो. पण रस्सा ओठांना किंचित चिकटतो आणि भातात मुरूनही पाण्यासारखा ताटभर पळत नाही, ते काम मसाल्याचे नव्हे. ते हाडाचे, सांध्याचे, नळीचे आणि वेळेचे.

याचा एक पुरावा याच भागात मिळतो. भामरागड-एटापल्लीकडच्या माडिया आदिवासींच्या घरांत मटण शिजते तेव्हा बारा मसाल्यांचा मारा नसतो, तेलही हात राखूनच असते. मीठ, मिरची, हळद आणि भांड्याला लागेल तेवढा वेळ, एवढ्यावर रस्सा उभा राहतो. दुसरा पुरावा हजारो किलोमीटर दूर, कोरियात आहे. तिथे काळ्या शेळीचा एक जुना रस्सा आहे, 'हुक-योम्सो-थांग'. दक्षिणेकडच्या जल्ला भागात तो विशेष चालतो. कोरियन म्हटले की आपल्याकडे आता नूडल्सचे पाकीट आणि टीव्हीवरच्या मालिका आठवतात. पण कोरियन माणूस अशक्तपणा आला की ज्या वाडग्यांकडे वळतो, त्यांत शेळीच्या हाडांचा हा रस्साही असतो. त्यात गरम मसाला नाही, खोबरे नाही, भाजलेला कांदाही नाही. तरीही तो आपल्या रश्शाचा सख्खा चुलत भाऊ शोभावा इतका जवळचा आहे. का, ते पुढे पाहू. आधी इकडचा गंज चुलीवर चढू दे.

वैनगंगेच्या दोन्ही तीरांवरचा हा झाडीपट्टीचा मुलूख. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला, पण खाण्यापिण्याची वाटणी काही झाली नाही. मटणाचे इथले मोठे मुहूर्त ठरलेले. पोळा झाला की दुसऱ्या दिवशीची कर. होळीनंतरची धुळवड. आणि दिवाळी सरताच गावोगावी भरणारी मंडई. मंडईला दिवसा बाजार आणि रात्री नाटक. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या नाटक कंपन्यांचे माहेर. याच झाडीपट्टी रंगभूमीवरचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. मंडईच्या दिवशी लेकी-जावई, सोयरे-धायरे गावात येतात आणि रात्रभर नाटक पाहायचे तर पोटात काहीतरी दमदार हवेच. मग घरोघरी रस्सा होतो. माणसे वाढली की पाणी वाढते, हेही खरे. पण ज्या घरात हाडे भरपूर घातलेली असतात, तिथे पाणी वाढले तरी रश्शाची अब्रू जात नाही.

रस्सा पातळ की घट्ट, हे इथे शेती ठरवते. नागभीड, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल आणि वैनगंगेपलीकडचा पट्टा धानाचा. तिथे रस्सा पातळ, कारण तो भातावर ओतायचा असतो. वरोरा, भद्रावती, राजुऱ्याकडे कापूस, सोयाबीन, ज्वारी. तिथे भाकर कुस्करायची म्हणून रस्सा जरा दाट. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ मध्ये आपल्या शेतातल्या धानातून वेगळ्या लोंब्या हेरल्या, त्या वाढवल्या आणि 'एचएमटी' हे वाण देशाला दिले. मनगटी घड्याळाच्या नावाचा हा तांदूळ बारीक आणि मोकळा शिजतो. अशा भाताला मटणाचा पातळ रस्साच मानवतो, दाट रस्सा वरच अडकून बसतो.

आता चंद्रपूर शहरात जेवायला गेलात तर पाट्या बहुतेक सावजीच्या दिसतील. सावजी हा मूळ नागपूरच्या हलबा कोष्टी समाजाचा स्वयंपाक. माग चालवणारी ही माणसे. हातमाग बसले, गिरण्यांचे दिवस फिरले, तशी यातल्या अनेक घरांनी आपली चूलच व्यवसायाला लावली आणि घरातल्या ओसरीवर भोजनालये निघाली. सावजी रश्शाची कीर्ती तिखटपणाची आहे आणि ती रास्तही आहे. पण माझे मत विचाराल तर आजकाल सावजीच्या नावाखाली जो लालभडक, तेलकट पदार्थ मिळतो, त्यात तिखट हे अपुऱ्या शिजवण्यावरचे पांघरूण असते. जुन्या सावजी घरांत जवसाचे तेल असे, मसाला पाट्यावर वाटलेला असे आणि मटण निवांत शिजलेले असे. त्या क्रमातले पहिले आणि शेवटचे आता गळाले आहे.

तेव्हा, मटण शिजते म्हणजे नेमके काय होते?

मांसाच्या तुकड्यात दोन गोष्टी असतात. एक, स्नायूंचे धागे. दुसरी, या धाग्यांना बांधून ठेवणारे पांढरट आवरण, शिरा, सांध्यांभोवतीचे पट्टे. या दुसऱ्या गोष्टीत कोलॅजन नावाचे प्रथिन असते. दोघांची वागणूक अगदी उलटी. स्नायूंमधली प्रथिने पन्नास अंश सेल्सिअसच्या आसपास आकसू लागतात आणि सत्तरच्या पुढे गेली की आतले पाणी पिळून बाहेर काढतात. म्हणजे तापवाल तसे मांस कोरडे होत जाते. कोलॅजन मात्र साठ-पासष्टला आधी आखडते, मांस आणखी चिवट वाटू लागते, आणि मग सत्तरीच्या पुढे हळूहळू विरघळून त्याचे जिलेटिन होते. ऐंशी-नव्वद अंशांवर हे काम जोमाने चालते, पण त्याला तास-दोन तास द्यावे लागतात. अर्ध्या तासाने मटण चाखून "अजून कडकच आहे" म्हणणारा माणूस नेमका या मधल्या टप्प्यात चमचा घालत असतो. जिलेटिन सुटले की ते धाग्यांमध्ये पसरते आणि मुळात कोरडे झालेले मांस तोंडात ओलसर, लुसलुशीत लागते. उरलेले जिलेटिन पाण्यात उतरते. रश्शाला अंग येते ते असे.

बिनहाडाच्या रानात, म्हणजे मांडीच्या मांसात, कोलॅजन कमी. म्हणून ते दोन तास शिजवले तर चोथा होतो. गर्दन, सीना, पुढचा फरा आणि नळी यांत कोलॅजन जास्त. दिवसभर रानात चरणाऱ्या शेळीचे पाय आणि मान सतत कामात असतात. जो भाग जास्त राबतो त्यात बांधणी जास्त आणि म्हणून रश्शाची चवही जास्त. विदर्भाची स्वतःची 'बेरारी' ही शेळीची नोंदणीकृत जात आहे. पण गावाकडे गिऱ्हाईक जात विचारत नाही, वय विचारते. फार कोवळे करडू रश्शाला उपयोगाचे नाही, त्यात चव धरलेली नसते. फार जून बोकड घेतला तर वेळ दुप्पट आणि वास वेगळाच. हा उग्र वास चरबीतल्या विशिष्ट आम्लांचा असतो आणि वयात आलेल्या, न खच्ची केलेल्या नरात तो अधिक असतो. खस्सी बोकडाला मागणी असते ती यामुळे. जून मटणात कच्च्या पपईचा तुकडा टाकायची आपल्याकडची रीत आहे. पपईतले पपेन हे विकर प्रथिने तोडते, तेही साठ-सत्तर अंशांपर्यंत. कोरियात हेच काम मांसाला चोळलेला नाशपातीचा कीस करतो. सिरोंच्याकडे तेलुगू वळणाच्या घरांत मटणात अंबाडी पडते. तिच्या आंबटपणानेही शिरा लवकर नरमतात, शिवाय चरबीचा जडपणा कापला जातो.

एक गोष्ट इथेच सांगून टाकावी. जंगल जिल्हे म्हटले की शहरातल्या काहींच्या डोळ्यांपुढे रानडुक्कर आणि चितळ येते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून आहे, शिकार हा गुन्हा आहे, आणि या लेखातले मटण म्हणजे खाटकाकडचे बोकडच.

आता सुरुवातीला सांगितलेल्या कोरियन रश्शाकडे येऊ. तो सुरू होतो थंड पाण्याने. हाडे आणि मांस तासभर थंड पाण्यात बुडवून ठेवतात, पाणी लाल झाले की बदलतात. याला ते रक्त काढणे म्हणतात. प्रत्यक्षात तो लाल रंग बहुतेक मायोग्लोबिनचा, म्हणजे स्नायूतल्या रंगद्रव्याचा असतो. मग मांस एकदा उकळून ते पहिले पाणी चक्क ओतून देतात. आपल्याकडच्या कुणाही गृहिणीला हे पाप वाटेल. पण त्यांचा हिशेब सरळ आहे. त्यांच्याकडे वास झाकायला मसाला नाही, म्हणून वास आधीच बाहेर काढायचा. आपण तो हळद, आले-लसूण आणि भाजलेल्या मसाल्याने झाकतो, म्हणून पहिले पाणी टाकण्याची गरज पडत नाही. नंतर आले, लसूण, कांद्याची पात घालून मांस मंद आचेवर शिजत राहते. शेवटी त्यात वाळवून उकडलेले धोप्याचे देठ पडतात. होय, आपण ज्याच्या पानांच्या वड्या करतो तोच धोपा, पुण्याकडचा अळू. देठ वाळवायचे आणि उकळून पाणी टाकायचे, कारण त्यातले टोकदार स्फटिक घशाला खाज आणतात. हे ज्ञान दोन्हीकडे सारखेच.

आणि मग येते या रश्शातली खरी नातेवाईक वस्तू. कोरियन माणूस शेवटी त्यात 'देलक्के' नावाच्या बियांची पूड मूठभर घालतो. तुळशीच्या कुळातली ही वनस्पती. इंग्रजी पुस्तकांतून तिचे पेरिला हे नाव आपल्याकडे आले आहे. ही पूड रश्शाला दाटपणा आणि एक खमंग, किंचित मातकट चव देते. तिच्या तेलात निम्म्याहून अधिक वाटा अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा असतो. आणि नेमके हेच आम्ल, जवळजवळ त्याच प्रमाणात, आपल्या जवसाच्या तेलात असते. दोन्ही वनस्पतींचे कूळ वेगळे, देश वेगळा, पण तेल रसायनाने जुळे. दोन्ही तेले हवेत लवकर खवट होतात. दोन्ही पातळ थरात सुकून कडक होतात, म्हणून दोन्हींचा उपयोग रंग-वार्निशसाठीही होत आला. आणि दोन्हीकडच्या लोकांनी ते शेळीच्या रश्शात घातले. जवसाच्या बीला तर आणखी एक गुण आहे. तिच्या सालीत चिकट द्रव्य असते, त्याने रस्सा धरतो.

झाडीपट्टीत जवस बाहेरून आणावे लागत नाही. धान कापायच्या आधी बांधीत ओल असतानाच उभ्या पिकात जवस, लाखोळी, हरभरा फेकून पेरायची उतेऱ्याची पद्धत इथली जुनी. धान निघते, खाली जवस उगवलेले असते. म्हणजे भात आणि त्यावरच्या रश्शातले जवस, दोन्ही एकाच बांधीतले. आता उतेरा कमी होत चालला आहे आणि स्वयंपाकात सोयाबीनचे तेल शिरले आहे, त्यामुळे जवस चटणीपुरते उरले. रश्शात ते परत आणावे, असे मला वाटते.

सोयाबीनवरून आठवले. कोरियन रश्शांत बहुधा एक खारट, उग्र पेस्ट असते, ती आंबवलेल्या सोयाबीनची. शिजवलेले सोयाबीन कुटून विटा करतात, त्या धानाच्या तणसाने बांधून टांगतात आणि तणसावरचे जिवाणू त्या विटा आंबवतात. वरोऱ्यात सोयाबीनचे ढीग, ब्रह्मपुरीत तणसाचे ढीग, मधे जेमतेम शंभर किलोमीटर. तरी ती पेस्ट कुणाला हवी असेल तर डबा कोरियाहून येतो.

मिरचीचे नाते आणखी गमतीचे. ती ना आपली, ना त्यांची. दोघांकडे ती अमेरिका खंडातून आली. आपल्याकडे सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून, कोरियात त्याच शतकाच्या अखेरीस. १६१४ च्या एका कोरियन ग्रंथात तिचा उल्लेख जपानकडून आलेली तिखट वस्तू म्हणून आहे. त्याआधी आपण मिरी आणि पिंपळीवर भागवत होतो, आणि ते लोक आपल्या कोकणातल्या तिरफळाच्या एका भाऊबंदावर. आज भिवापूरची मिरची भौगोलिक मानांकन मिरवते. भिवापूर नागपूर जिल्ह्यात असले तरी नागभीडच्या वेशीवर आहे. आणि दरवर्षी धानाचा हंगाम संपला की चंद्रपूर-गडचिरोलीतल्या हजारो मजुरांची पावले मिरची तोडायला तेलंगणाकडे वळतात. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा यातले कितीतरी जण उन्हातून पायी गावी परतले. इथल्या रश्शाच्या लाल रंगामागे हे स्थलांतरही आहे.

तर्रीविषयी दोन शब्द. रश्शावर तरंगणारा तो लाल थर म्हणजे निव्वळ तेल नव्हे. मिरचीचा लाल रंग आणि तिखटपणा आणणारे कॅप्सेसिन, दोन्ही पाण्यात विरघळत नाहीत, चरबीत विरघळतात. म्हणून ते सगळे वर जमते, आणि म्हणून तर्रीचा घास खालच्या रश्शापेक्षा कितीतरी तिखट लागतो. पाणी पिऊन ती आग जात नाही, दह्या-ताकाने जाते, ती याचसाठी. तर्री नीट यायची असेल तर रस्सा खळखळा उकळू देऊ नये. जोरात उकळले की चरबीचे बारीक थेंब पाण्यात मिसळून जातात, रस्सा गढूळ होतो आणि तर्री वर येत नाही. कोरियन लोक काही पदार्थांत हेच मुद्दाम करतात. हाडे तासन्‌तास जोरात उकळून ते दुधासारखा पांढरा रस्सा काढतात आणि ताटावर बसल्यावर आपापले मीठ घालतात. आपल्याला मात्र खाली निवळ आणि वर लाल हवे असते. दोन्ही बरोबर, फक्त आच वेगळी.

आता कृती. साधारण एक किलो मटण, पाच-सहा माणसांपुरते. यातले सहा-सातशे ग्रॅम गर्दन, सीना, फरा आणि दोन-तीन नळ्या, उरलेले रान. तुकडे मोठे ठेवायला सांगा. मटण एकदाच धुऊन निथळा. एक चमचा हळद, दोन चमचे मीठ आणि वाटलेले आले-लसूण चोळून अर्धा तास ठेवा. मीठ शेवटी घालावे म्हणजे मटण कडक होत नाही, असे सांगणारे भेटतील. त्यांचे ऐकू नका. मीठ आधी लागले की स्नायूंतली प्रथिने थोडी सैल होतात आणि पाणी धरून ठेवतात.

जाड बुडाच्या गंजात थोडे तेल घालून मटण परता, अंगचे पाणी सुटू द्या आणि वर खोलगट ताट ठेवून त्यात पाणी ओता. आपल्या आज्यांची ही युक्ती भौतिकशास्त्राच्या वर्गात शिकवावी अशी आहे. ताटातल्या पाण्याने झाकण थंड राहते, आतली वाफ त्याला लागून परत थेंबांनी खाली पडते, सुगंध कोंडून राहतो, आणि वरचे पाणी आपोआप तापून पुढच्या कामाला तयार होते. कोरियात हेच काम ओतीव लोखंडी कढईचे जड झाकण करते. वीस मिनिटांनी वरचे गरम पाणी आत, आणखी गरम पाणी मिळून दीड लिटर. थंड पाण्याने मटण कायमचे निबर होते असे नाही, पण उकळी मोडते आणि तुमचा वेळ वाढतो. पृष्ठभागावर इकडे-तिकडे एखादा बुडबुडा फुटावा, एवढीच आच. चुलीवर करणार असाल तर धावड्याचा निखारा उत्तम, जाळ नको. दीड तास विसरून जा. मधे एकदा पाणी बघा, एवढेच.

तोवर मसाला. तीन-चार कांदे सालीसकट निखाऱ्यात किंवा गॅसच्या ज्योतीवर काळे होईस्तोवर भाजा. पन्नास ग्रॅम सुके खोबरे. तीन मोठे चमचे धने, एक लहान चमचा जिरे, अर्धा शहाजिरे, सात-आठ मिरी, चार-पाच लवंगा, दालचिनीचा तुकडा, एक मसाला वेलची, दोन तेजपाने, चिमूटभर दगडफूल, एक मोठा चमचा खसखस आणि तेवढेच जवस. प्रत्येक वस्तू वेगळी भाजायची, कारण धने तापायच्या आत खसखस करपते. जवस तडतडू लागले की उतरवा, जास्त भाजले तर कडवट होते. सगळे बारीक वाटा. पाटा-वरवंटा असेल तर सोन्याहून पिवळे. जवसाची तयार पूड महिनोन्‌महिने डब्यात ठेवू नका, तिला खवट वास सुटतो.

दुसऱ्या कढईत अर्धी वाटी तेल तापवून वाटण घाला आणि तेल सुटेपर्यंत परता. हे घाईचे काम नाही. खमंगपणा देणारा तपकिरी रंग साधारण एकशे चाळीस अंशांच्या पुढे येतो आणि उघड्या भांड्यात पाणी शंभराच्या वर जात नाही. म्हणजे वाटणातले पाणी उडाल्याशिवाय खरा खमंगपणा सुरूच होत नाही, आणि एकदा रश्शात गेलेल्या कच्च्या वाटणाला मग कितीही उकळा, तो येत नाही. तेल सुटले की आच कमी करून दोन-तीन मोठे चमचे तिखट घाला आणि लगेच पळीभर रस्सा ओता. तिखट तेलात एकटे राहिले तर क्षणात जळते. हे सगळे गंजात ओता, हलकेच ढवळा आणि वीस मिनिटे मंद आचेवर सोडून द्या. आता सराटा घालू नका, तर्री वर येऊ द्या. उतरवताना बारीक चिरलेला सांबार, म्हणजे इतरांची कोथिंबीर.

कुकर वापरावा का? अवश्य वापरा. कुकरच्या आत सुमारे एकशे वीस अंश मिळतात आणि कोलॅजनचे काम तिपटीने लवकर होते. फक्त शिट्टी होताना आतले पाणी उसळते आणि चरबी रश्शात मिसळते, म्हणून आच बारीक ठेवून शिट्ट्या टाळा, आणि मसाला पडल्यावरची वीस मिनिटे उघड्या भांड्यातच काढा.

याच मटणाचा कोरियन धर्तीचा रस्सा करायचा तर हळद वगळा, मटण तासभर थंड पाण्यात ठेवा, पहिली उकळी ओतून द्या. पुढे भरपूर लसूण, आले आणि कांद्याची पात. दीड तासाने उकडून पिळलेले धोप्याचे देठ, बिया काढलेल्या कमी तिखट मिरचीची पूड आणि देलक्केच्या जागी भाजलेल्या जवसाचे दोन-तीन मोठे चमचे कूट. भात दोन्हीकडे लागतोच. भद्रावतीच्या ग्रामोदय संघाने नावारूपाला आणलेल्या मातीकामाच्या परंपरेतली एखादी जाड हंडी मिळाली तर तीत वाढा. कोरियातही हा रस्सा जाड मातीच्या भांड्यात रटरटतच ताटापुढे येतो.

कोरियात हे असले उकळते रस्से ऐन उन्हाळ्यात खातात. तिथल्या पंचांगात उन्हाळ्याचे तीन कडक दिवस ठरलेले आहेत आणि त्या दिवशी गरम रस्सा खाऊन घाम काढायचा, असा रिवाज आहे. हे ऐकून चंद्रपूरकरांनी हसू नये. इथे पारा पंचेचाळीसच्या पुढे गेलेला असताना लग्नाच्या पंगतीत आपण हेच करतो. यामागचे शास्त्र डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ मध्ये उलगडले आणि २०२१ चे नोबेल त्यांना विभागून मिळाले. जिभेवरच्या चेतातंतूंत उष्णता ओळखणारी एक प्रथिनाची खिडकी असते, ती सुमारे त्रेचाळीस अंशांना उघडते. कॅप्सेसिन तीच खिडकी उघडते. मेंदूला वाटते, भाजले. तो घाम सोडतो, घाम वाळला की अंग थोडे निवते.

पण हाच त्रेचाळीस अंशांचा आकडा उरलेल्या रश्शासाठी धोक्याचा आहे. मांसाच्या मोठ्या भांड्यात उकळूनही न मरणारे काही जिवाणूंचे बीजाणू असतात. 'क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स' हा त्यातला नेहमीचा. त्रेचाळीस ते पंचेचाळीस अंशांच्या आसपास तो दहा मिनिटांच्या आत-बाहेर दुप्पट होतो. म्हणजे मे महिन्यातले चंद्रपूरचे बंद स्वयंपाकघर ही त्याला आयतीच मिळालेली जागा. पंगतीचा मोठा गंज रात्रभर झाकून ठेवून सकाळी नुसता कोमट करून वाढणे, यातून अख्खे गाव आजारी पडू शकते. रस्सा उरला तर तासा-दोन तासांत लहान, पसरट भांड्यांत काढा, निववा, फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पूर्ण उकळी आणूनच खा. मसाल्याची चव रात्रीत मुरते, त्यामुळे दुसऱ्या दिवशीचा रस्सा पहिल्यापेक्षा सरस लागतो, हे मात्र खरे आहे.

फ्रिजमधून काढल्यावर भांडे जरा हलवून पाहा. वरची तर्री गोठलेली आणि खालचा रस्सा खरवसासारखा थरथरणारा असेल, तर हाडांनी आपले काम चोख केले. पाण्यासारखा डचमळला, तर पुढच्या वेळी मसाला वाढवू नका. खाटकाकडून दोन नळ्या आणि गर्दनीचा तुकडा जास्तीचा मागून घ्या.